शंभर नंबरचं घर

गेल्या दिवाळीत घरी, म्हणजे अमळनेरला गेलो होतो. "आयटीत आहेस ना?" हे वाक्य ऐकलं की पुढे प्रिंटर, वायफाय किंवा काकांचा मोबाईल यापैकी एक काहीतरी येणार हे ठरलेलं असतं. यावेळी लोखंडी कपाटातून एक हार्डडिस्क आली. केसिंगमधली, यूएसबीची, २००९ च्या आसपास घेतलेली. तिच्यात आजीच्या आवाजातली कानबाईची गाणी होती. काकांनी कधीतरी मोबाईलवर रेकॉर्ड करून ठेवलेल्या ६०-६५ फायली, आणि सोबत ताईच्या लग्नाचा व्हिडिओ. आजी जाऊन दहा वर्षं झाली. दुसरी कॉपी नाही. ज्या कॉम्प्युटरवरून हे सगळं डिस्कवर टाकलं तो केव्हाच भंगारात गेला.

माझ्या लॅपटॉपवर लिनक्स आहे. डिस्क लावली, फोल्डर दिसलं, जीव भांड्यात पडला. कॉपी सुरू केली आणि चौथ्या-पाचव्या फाईलला सगळं ठप्प. डिस्क गायब. काढून परत लावली की परत दिसणार, परत थोडं चालणार, परत ठप्प. तिसऱ्या वेळी मी हात मागे घेतला. डिस्क खरंच मरायला टेकली असेल तर प्रत्येक प्रयत्न तिचा शेवटचा असू शकतो.

पाडव्याची रात्र. दुकानं बंद. मग कर्नलचा लॉग उघडून बसलो. डिस्क खराब असेल तर तिथे अमुक सेक्टर वाचता येत नाही अशा ओळी येतात. इथे तसलं काहीच नव्हतं. फक्त यूएसबी डिव्हाइस रीसेट, रीसेट, रीसेट. म्हणजे चकती ठणठणीत, गडबड डिस्क आणि यूएसबीच्या मधे बसलेल्या केसिंगमधल्या चिपची. लिनक्स एका दमात १२० केबी मागत होता आणि चिपला तेवढा घास गिळवत नव्हता. सिस्टीममध्ये प्रत्येक यूएसबी डिस्कसाठी मॅक्स-सेक्टर्स नावाची एक छोटी फाईल असते. तिच्यात २४० होतं, मी ६४ लिहिलं. म्हणजे एका वेळी ३२ केबी. परत कॉपी सुरू केली आणि चहा घ्यायला गेलो. आलो तर सगळ्या फायली उतरलेल्या.

हे ६४ मी शोधून काढलेलं नाही. ते मला आधीपासून माहीत होतं, कारण कर्नलचा यूएसबी स्टोरेज ड्रायव्हर मी नोकरीच्या पहिल्या वर्षी वाचला होता. त्यात स्वच्छ लिहिलंय की बऱ्याच उपकरणांना ३२ केबीपेक्षा जास्त झेपत नाही, काहींना ६४ पेक्षा जास्त झेपत नाही, म्हणून आम्ही दोघांनाही ३२ वर ठेवतो. आज त्या ड्रायव्हरबद्दलच लिहायचंय.

प्रत्येक डिस्कमध्ये, पेनड्राइव्हमध्ये, मेमरी कार्डात एक चिमुकला प्रोसेसर असतो आणि त्याच्यावर चालणारा प्रोग्राम म्हणजे फर्मवेअर. ऑपरेटिंग सिस्टीम त्याच्याशी ठरलेल्या भाषेत बोलते. यूएसबी डिस्कच्या बाबतीत ही भाषा म्हणजे जुनी स्कझी. भाषेचं व्याकरण छापील आहे, कोणीही वाचावं. पण स्वस्तात माल काढणाऱ्या कारखान्यात व्याकरण कोण वाचतो? विंडोजवाल्या मशीनला लावून बघायचं, चाललं की पॅक करायचं. त्यामुळे २००० नंतर जे पेनड्राइव्ह, कॅमेरे आणि केसिंग बाजारात आले, त्यातल्या कितीतरींना व्याकरण येतच नव्हतं. विंडोज जे प्रश्न विचारतं तेवढ्यांची उत्तरं पाठ होती, गाईड वाचून पास होणाऱ्या पोरांसारखी.

एक उदाहरण सांगतो. डिस्कला तिच्या सेटिंग्ज विचारायची एक कमांड आहे. उत्तर किती बाइटमध्ये हवं ते विचारणाऱ्याने सांगायचं. व्याकरणाप्रमाणे कुठलाही आकडा चालायला हवा. पण विंडोज नेहमी १९२ बाइट मागायचं, आणि बऱ्याच डिस्क १९२ सोडून दुसरं काही मागितलं की गळफटायच्या. आजही लिनक्सच्या ड्रायव्हरमध्ये १९२ हा आकडा आहे आणि शेजारी कारण दिलंय, विंडोज हेच वापरतं म्हणून.

माझं सगळ्यात आवडतं उदाहरण मात्र क्षमतेचं. समजा एका गल्लीत १०० घरं आहेत आणि नंबर शून्यापासून सुरू होतात. शेवटच्या घराचा नंबर किती? ९९. डिस्कला नेमका हाच प्रश्न विचारला जातो, शेवटच्या सेक्टरचा नंबर सांग. काही फर्मवेअर लिहिणाऱ्यांनी प्रश्न नीट न वाचता एकूण घरं किती ते सांगितलं, १००. आता सिस्टीम १०० नंबरचं घर शोधत जाते आणि थेट बोरी नदीच्या पात्रात. तिथे घरच नाही म्हटल्यावर साधं "नाही" म्हणावं ना, पण काही उपकरणं तेवढ्यावर अख्खी बंद पडायची. विंडोजवर हे कळायचं नाही, कारण ते सहसा त्या शेवटच्या घरापर्यंत जातच नसे. लिनक्स जायचा, कारण पार्टिशनची किंवा रेडची माहिती कधीकधी डिस्कच्या शेपटाला असते. म्हणजे ज्याने मन लावून तपासलं त्याच्याच अंगावर आलं.

मग ड्रायव्हरवाल्यांनी काय केलं? यादी केली. १९९९ पासून मॅथ्यू धार्म यांनी लिनक्सचा यूएसबी स्टोरेज ड्रायव्हर लिहिला, त्यात "विचित्र उपकरणं" अशा अर्थाच्या नावाची एक वेगळी फाईल आहे. प्रत्येक ओळीत कंपनीचा क्रमांक, वस्तूचा क्रमांक, फर्मवेअरची आवृत्ती इथून इथपर्यंत, आणि पुढे तिची खोड. ही क्षमता एकने जास्त सांगते. हिला हळू विचारा. हिला अमुक प्रश्न विचारूच नका. वर कॉमेंटमध्ये ती खोड कोणी कळवली त्याचं नाव. देवळात दानशूरांची नावं कोरलेल्या फरशा असतात ना, तशी ती फाईल दिसते. फरक एवढाच की इथे प्रत्येकाने आपला डेटा अडकल्यावर वर्गणी दिलीय.

आवृत्तीची मर्यादा यासाठी की कंपनीने पुढे फर्मवेअर सुधारलं तर नव्या मालाला जुनी शिक्षा नको. पण कित्येक ओळींत ती ०००० ते ९९९९ अशी आहे. म्हणजे हे कधी सुधारतील यावर कोणाचा विश्वास नाही :)

क्षमतेच्या खोडीत तर पुढे यादीही पुरेना. निकॉनचे इतके कॅमेरे त्यात आले की शेवटी निकॉन, नोकिया, पेन्टॅक्स आणि मोटोरोला या चार कंपन्यांसाठी सरसकट अंदाजाचा नियम लावला. सेक्टरची संख्या बहुधा सम असते. विषम आली तर डिस्क चुकतेय असं धरून एक कमी करा. अंदाज चुकलाच तर एक सेक्टर वाया जाईल, म्हणजे अर्धा केबी. उपकरण लटकण्यापेक्षा ते परवडलं. मला हा हिशेब फार पटतो.

हे सगळं स्वस्त मालापुरतंच आहे असं समजू नका. आतल्या हार्डडिस्क आणि एसएसडीसाठी लिनक्समध्ये अशीच दुसरी यादी आहे. सीगेटच्या बॅराकुडा ७२००.११ मालिकेतल्या १.५ टीबीच्या आणि तिच्या काही भावंडांच्या एसडी१५ ते एसडी१९ या फर्मवेअरना एनसीक्यू, म्हणजे एकदम अनेक कामं रांगेत घेण्याची सोय, झेपत नव्हती. कर्नलने ती बंद केली आणि बूट होताना फर्मवेअर अपडेट केल्याशिवाय डिस्क पूर्णपणे चालणार नाही अशा अर्थाचा इशाराही छापला. या यादीतल्या खुणांना वर्षानुवर्षं "हॉर्केज" म्हणायचे, मराठीत "बट्ट्याबोळ" म्हणा. २०२४ मध्ये ते बदलून सभ्य "क्वर्क" केलं. मला जुनंच बरं वाटायचं.

सॅमसंगच्या एचडी२०४यूआय या २ टीबी डिस्कची गोष्ट तर डोक्याला हात लावायला लावते. २०१० च्या शेवटी कळलं की तिच्यावर लिहिणं चालू असताना कोणी तिची ओळख विचारली, तर लिहायचा राहिलेला डेटा हरवू शकतो. ओळख कोण विचारतं? डिस्कची तब्येत तपासणारे प्रोग्राम! कंपनीने दुरुस्ती दिली, पण फर्मवेअरचा आवृत्ती क्रमांक तोच ठेवला. दुरुस्त डिस्क आणि नादुरुस्त डिस्क बाहेरून सारख्याच. असल्या ठिकाणी कितीही याद्या करा, उपयोग नाही.

आणि दर वेळी डिस्कचीच चूक असते असंही नाही. २०१५ मध्ये अल्गोलिया या कंपनीच्या सर्व्हरवर सॅमसंगच्या एसएसडीवरचा डेटा बिघडू लागला. सगळ्यांनी एसएसडीला धरलं. महिनाभरात सॅमसंगच्याच इंजिनियरांनी दाखवून दिलं की या वेळी चूक लिनक्स कर्नलची होती. त्याच सुमाराला सॅमसंगच्या ८०० मालिकेत ट्रिमची वेगळी आणि खरी अडचण होती, तिची ओळ यादीत आली. पण पूर्वीच्या लौकिकामुळे माणूस न केलेल्या चोरीतही धरला जातो, तसं थोडं झालं.

ड्रायव्हरच्या हातात सगळं नसतंही. नोव्हेंबर २०१९ मध्ये एचपीईने जाहीर केलं की त्यांच्या काही एसएसडी ३२,७६८ तास चालल्या की कायमच्या बंद पडतात. ३ वर्षं, २७० दिवस, ८ तास. आकडा ओळखीचा वाटला ना? १६ बिटांच्या चिन्हासह संख्येची कमाल ३२,७६७. पुढच्या तासाला काटा उलटा फिरला. एकाच दिवशी सुरू केलेल्या सगळ्या डिस्क एकाच दिवशी जाणार, मग रेड काय कामाचं? यावर फर्मवेअर बदलणं हाच उपाय होता.

आता मूळ मुद्दा. या याद्या वाढतात, कमी जवळपास होत नाहीत. ऑफिसमधल्या एका रिव्ह्यूत मी स्वतः म्हटलं होतं की पंधरा वर्षांपूर्वीच्या उपकरणासाठीची ओळ कशाला ठेवायची, काढून टाका. पुण्यात बसून ते बरोबर वाटलं होतं. पुण्यात डिस्क तीन वर्षांत बदलते. अमळनेरात ती साडीत गुंडाळून कपाटात ठेवतात, आणि गरज पडते ती थेट घरातलं माणूस गेल्यावर. ओळ कोणी काढली तर कुठल्या गावातली कोणती डिस्क बोलायची बंद होईल, हे काढणाऱ्याला कधीच कळणार नाही. म्हणून ती राहते. कंपनीने हात झटकले, दुकानदाराने पावती दिली नव्हती, पण कोणीतरी कधी न भेटलेल्या माणसासाठी ६४ लिहून ठेवलं होतं.

भाऊबीजेनंतर काकांनी तीच डिस्क बाजारातल्या ओळखीच्या दुकानात विंडोजला लावली. काही न करता सगळ्या फायली भराभर कॉपी झाल्या. साहजिक आहे, चिपने गाईड तेच वाचलेलं. काका घरी येऊन म्हणाले, "तुना लॅपटॉपमाच खोट शे." मी १२० केबी वगैरे समजावायला गेलो, पण ताटं वाढली होती.

डिस्क परत कपाटात गेली. केसिंगवर मी एक चिठ्ठी चिकटवलीय, तिच्यावर पेनाने ६४ लिहिलंय. चिपचा क्रमांक टिपून आणलाय. ती ओळ यादीत आहे का ते पाहिलं, नाही. या शनिवारी पाठवतो.