आचार्यधर्माची कसोटी : सोनई आणि खर्डा

दीघनिकायातील सिगालोवाद सुत्तात तथागतांनी आचार्यांना दक्षिण दिशा म्हटले आहे. शिष्याप्रती आचार्यांची पाच कर्तव्ये तेथे सांगितली असून, सर्व दिशांनी त्याचे रक्षण करणे हे त्यांतील अखेरचे होय. ही कसोटी अहिल्यानगर जिल्ह्याच्या अलीकडील इतिहासास आपण लावून पाहू.

१ जानेवारी २०१३ रोजी सोनई येथे मेहतर समाजातील तीन तरुणांची हत्या झाली. नेवासे तालुक्यातील एका शिक्षणसंस्थेत ते सफाईचे काम करीत. प्रत्यक्षदर्शी नसतानाही परिस्थितिजन्य पुराव्यावर नाशिकच्या सत्र न्यायालयाने २०१८ साली सहा जणांना फाशीची शिक्षा सुनावली.

याच जिल्ह्यातील खर्डा येथे २८ एप्रिल २०१४ रोजी सतरा वर्षांच्या दलित विद्यार्थ्याचा खून झाला. मारहाण शाळेच्या आवारातच सुरू झाली, असे फिर्यादी पक्षाचे म्हणणे होते. साक्षीदार फितूर झाले. त्यांत शिक्षकही होते. २०१७ साली आरोपी निर्दोष सुटले.

बाबासाहेब बालपणी शाळेत गोणपाटावर वेगळे बसत, तेव्हाही शिक्षक ते पाहतच होते. वर्गातील जातिवाचक टोमण्याकडे, मधल्या सुटीतील धक्काबुक्कीकडे ‘मुलांचे भांडण’ म्हणून केलेला काणाडोळा आणि न्यायालयातील मौन यांची जात आम्हांस एकच वाटते. पहिला टोमणा थांबविणे हे रक्षण, आणि ते न साधल्यास निर्भयपणे साक्ष देणे हेही रक्षणच. केवळ पाठ शिकवून आचार्यधर्म पुरा होत नाही.