तिकिटाची आतषबाजी

राजेरजवाड्यांची आतषबाजी एका रात्रीची असे. तह झाला, युवराजाचे लग्न लागले की शहराच्या मध्यावर लाकूड आणि कापडाचा महाल उभारायचा, त्यात शोभेची दारू ठासायची आणि अंधार पडताच पेटवून द्यायची. पुढच्या सोहळ्याला जागा वेगळी, माणसे वेगळी. त्यामुळे एका रात्रीची चूक दुसऱ्या रात्रीच्या कामी येत नसे. अठराव्या शतकात लंडन आणि पॅरिसमध्ये तिकीट लावून चालणाऱ्या करमणुकीच्या बागा निघाल्या आणि हा हिशेब बदलला. तिथे जागा तीच, कारागीर तेच, आणि आज आलेला प्रेक्षक पुढच्या आठवड्यात परत यायला हवा. आजच्या थीम पार्कमध्ये आतषबाजीची जी शिस्त दिसते, तिची सुरुवात या बागांच्या गल्ल्याशी जोडलेली आहे.

दरबारी पद्धतीचे दोष १७४९ मध्ये लंडनला सर्वांसमक्ष उघडे पडले. एक्स-ला-शापेलच्या तहाप्रीत्यर्थ २७ एप्रिलला ग्रीन पार्कमध्ये मोठा समारंभ झाला. त्याचे संगीत हँडेलचे होते, भव्य लाकडी मंदिराचा आराखडा सेर्वांदोनीचा आणि दारूकाम इटालियन कारागिरांचे. रात्री मंदिराच्या एका बाजूच्या मंडपाने पेट घेतला. संतापलेल्या सेर्वांदोनीने शस्त्रागाराचे अधिकारी चार्ल्स फ्रेडरिक यांच्यावर तलवार उपसली आणि त्याला अटक झाली. सजावट एकाच्या हाती, दारू दुसऱ्याच्या आणि देखरेख तिसऱ्याच्या, अशी ही व्यवस्था होती. आग लागल्यावर शेवटचा शब्द कुणाचा, हे आधी ठरलेलेच नव्हते. तसे पाहिले तर त्या समारंभाचा सुरळीत पार पडलेला भाग बागेतच झाला होता. सहा दिवस आधी व्हॉक्सहॉल बागेत संगीताची रंगीत तालीम तिकीट लावून झाली, तेव्हा बारा हजार लोक आल्याचे त्या काळच्या वृत्तपत्रांनी छापले आणि लंडन ब्रिजवर गाड्या तासन् तास अडकून पडल्या.

पॅरिसला याहून फार मोठी किंमत मोजावी लागली. ३० मे १७७० रोजी युवराज आणि मारी आंत्वानेत यांच्या विवाहानिमित्त आजच्या प्लास द ला काँकॉर्द या चौकात आतषबाजी झाली. ती संपल्यावर गर्दी रू रॉयाल या रस्त्याने बाहेर पडू लागली. समोरून गाड्या आणि माणसे येत होती. चेंगराचेंगरीत १३२ जण मेल्याची नोंद सरकारदरबारी झाली. यातले बहुतेक बळी दारूने घेतलेले नव्हते. बाहेर पडायची वाट अपुरी होती. आतषबाजीच्या नियोजनाचा निम्मा भाग प्रेक्षकांच्या येण्याजाण्याचा असतो, हे या रात्रीइतके स्पष्ट क्वचितच दिसले असेल.

त्याच शतकाच्या अखेरीस पुण्यात जागेचा विचार अधिक शहाणपणाने झालेला दिसतो. भारतातील आतषबाजीचा इतिहास लिहिताना प्राच्यविद्या संशोधक परशुराम कृष्ण गोडे यांनी पेशव्यांच्या बखरीतली एक हकिगत दिली आहे. कोट्याच्या राजाकडे दिवाळीत शहराबाहेर दारूची लंका करतात आणि दारूच्याच मारुतीची शेपटी पेटवून ती जाळतात, असे महादजी शिंद्यांनी सवाई माधवरावांना सांगितले. पेशव्यांना ते पाहायची इच्छा झाली, तेव्हा पर्वतीच्या पायथ्याशी तशी लंका रचली गेली आणि पेशव्यांनी ती टेकडीवरून पाहिली. दारू खाली मोकळ्या जमिनीवर आणि प्रेक्षक दूर उंचावर, ही मांडणी कुणी सुरक्षिततेसाठी म्हणून केली असेलच असे नाही. शोभा चांगली दिसावी हाही हेतू असेल. पण दोन्ही गोष्टी तिने साधतात.

बागांमध्येही शहाणपण आपोआप आले नाही. लंडनच्या मेरिलबोन बागेत तोरे नावाचा आतषबाज १७७० च्या दशकात ज्वालामुखी आणि व्हल्कन देवाची भट्टी दाखवी. शेजारपाजारचे लोक कुरकुर करीत. व्हॉक्सहॉलमध्ये आतषबाजी हा नेहमीचा कार्यक्रम झाला तो १७९८ पासून. नेहमीच्या कार्यक्रमात दरवेळी काही नवे हवे, आणि नव्याचा हव्यास हीच पुढे धोक्याची जागा ठरली. १८१६ मध्ये मादाम साकी ही डोंबारीण तिथे बाणांच्या वर्षावात उतरत्या दोरावरून चालू लागली. तिला काही इजा झाली नाही. पॅरिसच्या तिवोली बागेत सोफी ब्लाँशार मात्र ६ जुलै १८१९ च्या रात्री मेली. हायड्रोजनने भरलेल्या फुग्याखाली पेटती दारू टांगून ती आकाशात जाई. त्या रात्री वायूने पेट घेतला. खालचे प्रेक्षक तो खेळाचाच भाग समजून टाळ्या वाजवत राहिले. फुगा एका घराच्या छपरावर आपटला आणि ती रस्त्यावर कोसळली. विमानविद्येच्या इतिहासात अपघाती मृत्यू आलेली ती पहिली स्त्री. ज्वलनशील वायूशेजारी विस्तव नेण्याचा धोका तेव्हाही माहीत होता, पण तिकीट काढलेल्या लोकांना तेच पाहायचे होते.

या धंद्याला खरी घडी बसली ती लंडनच्या क्रिस्टल पॅलेसमध्ये. काचेचा हा राजवाडा सिडनहॅमच्या उंचवट्यावर हलवल्यानंतर त्याभोवतीची बाग लोकांच्या करमणुकीसाठी खुली होती. १८६५ मध्ये तिथे आतषबाजांची स्पर्धा भरवण्यात आली आणि सी. टी. ब्रॉक यांच्या कंपनीने पुढे तिथे वर्षानुवर्षे खेळ केले. पहिल्या महायुद्धाच्या काळातला खंड सोडला तर ही परंपरा १९३६ मध्ये राजवाडा जळेपर्यंत चालली. ब्रॉक घराण्याचा धंदा तेव्हाही जुना होता. त्यांचा एक पूर्वज, जॉन ब्रॉक, १७२० मध्ये स्फोटातच गेला होता. दर गुरुवारचा खेळ लंडनकरांच्या इतका अंगवळणी पडला की त्याला ‘ब्रॉक्स बेनिफिट’ हे नावच पडले. लाकडी चौकटींवर दारूची बारीक कागदी नळकांडी रेषेत ठोकून त्यांतून माणसांचे चेहरे आणि जहाजांच्या लढाया उभ्या करीत. लोक टप्प्याटप्प्याने उतरणाऱ्या सज्जांवर, तर चौकटी आणि गोळे उडवणाऱ्या उखळ्या खालच्या मैदानात. पर्वतीचीच मांडणी, फक्त कायमची.

कायम जागेचा फायदा नुसता अंतराचा नव्हता. कुठल्या उखळीतून गोळा किती उंच जातो, वारा कुठून वाहतो, राख कुठे पडते, हे त्याच माणसांना हंगामामागून हंगाम दिसत होते. दरबारी आतषबाजाला ही संधी कधीच मिळाली नव्हती.

मात्र ज्या रंगांमुळे हे खेळ गाजले, तेच कारखान्यात माणसे मारत होते. जुनी दारू सोरा, गंधक आणि कोळशाची. तिची ज्योत पिवळसर. सोऱ्याऐवजी पोटॅशियम क्लोरेट वापरले आणि त्यात स्ट्रॉन्शियम वा बेरियमचे क्षार घातले की लखलखीत लाल-हिरवा रंग मिळतो. पण क्लोरेट आणि गंधक यांचे मिश्रण घासले गेले, किंवा गंधकात आम्लाचा अंश राहिला, तरी पेटते. ब्रिटनने १८७५ मध्ये स्फोटकांचा कायदा केला, तपासनीस नेमले आणि १८९४ मध्ये या मिश्रणावर बंदी घातली. त्या कायद्याच्या धर्तीवर भारतात १८८४ चा स्फोटक कायदा आला आणि तो अजून लागू आहे. क्लोरेट-गंधकाच्या मिश्रणावरची बंदी मात्र इथे यायला १९९२ उजाडले. यामधल्या जवळपास शंभर वर्षांचे समर्थन करणे कठीण आहे.

अमेरिकेत हा धंदा इंग्लंडमधूनच गेला. पेन कंपनी १८७९ पासून न्यूयॉर्कजवळच्या कोनी आयलंडवर पॉम्पेईच्या विनाशासारखी दारूची नाटके करू लागली. प्रेक्षक आणि रंगमंच यांच्यामध्ये कृत्रिम तलाव असे. ठिणगी पडली तर पाण्यात. शहरातल्या चौकात असा तलाव नसतो. ४ नोव्हेंबर १९०२ ला निवडणुकीच्या रात्री मॅडिसन स्क्वेअरमध्ये गर्दीला लागून ठेवलेल्या उखळ्या फुटल्या आणि बाराहून अधिक माणसे दगावली. गजबजलेल्या जागी अशा खेळाला मोकळीक दिल्याबद्दल पुढे न्यायालयाने शहरालाही जबाबदार धरले.

डिस्नेलँड कॅलिफोर्नियातील अॅनाहाइम येथे १९५५ च्या जुलैत उघडले. त्याआधी वॉल्ट डिस्ने यांनी कोपनहेगनची तिवोली बाग पाहिली होती; ती १८४३ पासून चालू होती आणि आतषबाजी तिच्या करमणुकीचा भाग होती. संध्याकाळी लोक घरी परतू लागतात, त्यांना थांबवायचे कसे, या व्यापारी प्रश्नाला १९५६ मध्ये डिस्नेलँडने दिलेले उत्तर म्हणजे आतषबाजी. १९६१ पासून मॅटरहॉर्न या कृत्रिम डोंगराच्या माथ्यावरून तारेला लटकून टिंकर बेल परी खाली येऊ लागली. ही परी झालेली टायनी क्लाइन सर्कशीतली जुनी कसबी बाई होती आणि तेव्हा तिचे वय सत्तर होते. तारेच्या दुसऱ्या टोकाला माणसे गादी धरून तिला थोपवीत. मादाम साकीचाच खेळ, पण दोर बांधलेला आणि झेलणारे ठरलेले.

विसाव्या शतकाच्या उत्तरार्धात हातातल्या पेटत्या बत्तीची जागा विजेवर पेटणाऱ्या बत्तीने घेतली आणि माणूस उखळीपासून दूर गेला. पूर्वी वात पेटवून पळणारा कारागीरच पहिला बळी ठरे, त्यामुळे या बदलाचे मोल पुढच्या कुठल्याही संगणकापेक्षा जास्त आहे. अंतराचाही नियम ठरला. अमेरिकेच्या राष्ट्रीय अग्निसंरक्षण संघटनेच्या मानकाप्रमाणे गोळ्याच्या व्यासाच्या दर इंचामागे प्रेक्षक ७० फूट लांब हवेत. सहा इंची गोळ्यासाठी ४२० फूट, म्हणजे सुमारे १२८ मीटर. हा आकडा अनेकदा उद्यानाचा आराखडाच ठरवतो. एवढी मोकळी जमीन नसेल तर लहान गोळे वापरावे लागतात, नाहीतर पाण्याचा आधार घ्यावा लागतो. फ्लोरिडातील एप्कॉटमध्ये तलावातल्या तराफ्यांवरून दारू उडवण्यामागे कोनी आयलंडचेच गणित आहे. खेळ संपला तरी काम संपत नाही. न फुटलेले गोळे शोधण्यासाठी जागा लगेच तपासायची आणि रात्रीचा खेळ असेल तर उजाडल्यावर पुन्हा, असेही हे मानक सांगते.

एक अडचण उरली होती ती धुराची आणि शेजाऱ्यांची. डिस्नेलँडभोवती शहर वाढले, आणि गोळा वर फेकणारी सोरा-गंधक-कोळशाची काळी दारू जमिनीलगत धूर आणि आवाज करते. २००४ मध्ये डिस्ने कंपनीने गोळे दाबलेल्या हवेने उडवण्याची पद्धत तिथे आणली. गोळ्यात वातीऐवजी इलेक्ट्रॉनिक टायमर असतो, त्यामुळे तो ठरल्या उंचीवर आणि ठरल्या क्षणी फुटतो. या पद्धतीची पेटंटे इतरांनाही वापरता यावीत म्हणून ती ना-नफा संस्थेकडे देण्याचे कंपनीने जाहीर केले. तरीही हवेच्या यंत्रणेचा खर्च लहान उद्यानांना परवडण्याजोगा नसल्याने जगभरातल्या बहुतेक उद्यानांत गोळा अजून काळ्या दारूनेच वर जातो.