गोतमीपुत्राच्या आईचं नाव

वाळूज एमआयडीसीतली पहिली पाळी सुटली आहे. कंपन्यांच्या बसगाड्या, रिक्षांची कोंडी, छोट्या पंढरपूरजवळचा कलकलाट मागे टाका आणि पैठणच्या दिशेने चालू लागा. फक्त पोचायचंय सुमारे 1,900 वर्षं आधी.

डांबर संपतं, बैलगाड्यांची चाकोरी सुरू होते. समोरून येणाऱ्या गाड्यांत अकीकासारखे रंगीत खडे भरलेत. त्या भरुकच्छच्या, म्हणजे आजच्या भरूचच्या बंदराला निघाल्यात. वीस दिवसांची वाट, असं एका ग्रीक दर्यावर्द्याने लिहून ठेवलंय. गाडीवानाला राजाचं नाव विचारा. तो आधी राजाच्या आईकडूनच सुरुवात करेल: गोतमीपुत सातकणी, म्हणजे सातवाहन राजा गौतमीपुत्र सातकर्णी.

एखाद्या टांकसाळीत डोकवा. ऐरणीवर चांदीचं नाणं आहे, या राजाकडून हरलेल्या क्षत्रप नहपानाचं. त्याचा चेहरा, कडेची ग्रीक अक्षरं अजून दिसतात. वरून ठसा ठेवतात, हातोडा पडतो. नहपानाच्या गालावर डोंगराची खूण उमटते आणि भोवती ब्राह्मीत ‘गोतमिपुतस’. शत्रूच्या तोंडावर आईचं नाव! नाशिक जिल्ह्यात जोगलटेंभीला 1906 मध्ये नहपानाची 13,000 हून अधिक नाणी सापडली. त्यांतली बहुतेक अशी पुन्हा ठोकलेली होती.

पण ‘गौतमी’ हे बाईचं पाळण्यातलं नाव नव्हे. गौतम गोत्रातली ती गौतमी, वसिष्ठ गोत्रातली ती वासिष्ठी. राजाला राण्या अनेक; कुठल्या राणीचा मुलगा, हे त्यावरून कळायचं. यावरून कुणी सातवाहनांकडे मातृसत्ता होती असं उत्साहाने सांगितलं, तर लगेच मान डोलवू नका. गादी बापाच्या वंशातूनच पुढे जायची. बाईची ओळख अशी कुळात अडकवण्याची हौस आपल्यापुरती नाही म्हणा. तिकडे लिथुआनियात काझलाउस्कस आडनावाच्या माणसाची बायको काझलाउस्किएने, मुलगी काझलाउस्काइते. लग्न झालंय की नाही हे न सांगणारं आडनाव घ्यायची मुभा तिथल्या बायकांना 2003 मध्ये मिळाली.

मग या गौतमीचं स्वतःचं नाव काय? त्यासाठी गंगापूर, वैजापूर, येवला ओलांडून नाशिकच्या त्रिरश्मी डोंगरावर चढा. लेणं क्रमांक 3. दगडाची भुकटी नाकात जाते, छिन्नीचा आवाज येतो. इथल्या एका लेखात गोवर्धनच्या सामक नावाच्या अमात्याला हुकूम आहे, राजाच्या राज्याच्या 24 व्या वर्षातला. हुकूम राजाचा आणि राजमातेचा. तिला एक विशेषण लावलंय: ‘जीवसुता’. जिचा मुलगा हयात आहे ती. नाव नाही.

आता काही वर्षं पुढे या. तिचा नातू पुळुमावी गादीवर आहे. त्याचं 19 वं वर्ष, उन्हाळ्याचा दुसरा पक्ष, तेरावा दिवस. त्याच लेण्यात कारागीर मोठा लेख कोरतोय. दिवंगत मुलाच्या पराक्रमाची लांबलचक यादी: जिंकलेले देश, मोडलेले शत्रू. ‘जीवसुता’ शब्द आता नाही. ती महाराजाची आई आहे, महाराजाची आजी आहे. आणि इथे तिचं नाव येतं: गोतमी बलसिरी. संस्कृतात बलश्री, बळ आणि वैभव. हे लेणं तिने भदावनीय पंथाच्या बौद्ध भिक्षूंना दिलं. नातवाने त्यासाठी एक गाव लावून दिलं.

मुलाच्या पराक्रमाआड तिचं नाव चटकन सापडत नाही, शोधावं लागतं. मला तरी हा सगळा लेख त्या एका नावासाठीच वाचावासा वाटतो. शाळेच्या हजेरीत आज गौतमी भेटतात. बलश्री मला कधी भेटली नाही.

परत वाळूजला या. 1 मे 2024 पासून जन्मलेल्या मुलांच्या सरकारी कागदपत्रांत महाराष्ट्र शासनाने आईचं नाव सक्तीचं केलंय: आधी मुलाचं, मग आईचं, मग वडिलांचं, शेवटी आडनाव. तुमच्या घरी बाळाची नोंद करायची असेल, तर तो रकाना भरताना आईचं नाव तिलाच विचारून, नीट अक्षरात लिहा.