परवाना आणि प्रकृती : मद्यनीती व सार्वजनिक आरोग्य यांचा ऐतिहासिक मागोवा (विशेष संदर्भ : मुळशी परिसर)

प्रस्तावना

मुळशी म्हटले की १९२१ चा सत्याग्रह आणि सेनापती बापट यांचे स्मरण होते. धरणात गेलेल्या जमिनींचा इतिहास मराठीत वारंवार लिहिला गेला; मात्र सह्याद्रीच्या या मावळपट्ट्यावर ज्या दुसऱ्या शासकीय धोरणाचा परिणाम झाला, त्या अबकारी धोरणाकडे तुलनेने कमी लक्ष गेले आहे. आज या तालुक्यात एका टोकाला हिंजवडीची संगणकनगरी, तर दुसऱ्या टोकाला ताम्हिणी घाटाच्या बाजूची कातकरी व धनगर वस्ती आहे. मद्यविषयक कायदा दोघांनाही एकच असला, तरी दारूमुळे होणारी शरीराची हानी समाजाच्या सर्व थरांत सारखी वाटली जात नाही. ही विषमता कशी घडत गेली, याचा मागोवा प्रस्तुत लेखात घेतला आहे.

अबकारी व्यवस्था आणि आरोग्याचा पहिला आवाज

१८७८ च्या मुंबई अबकारी कायद्याने परवान्याशिवाय दारू गाळणे हा गुन्हा ठरला. गावोगावच्या लहान भट्ट्यांची जागा मक्तेदाराच्या मोठ्या भट्टीने घेतली. घाटाखालील ठाणे व कुलाबा जिल्ह्यांत तर १८९२ च्या कायद्याने मोहाची फुले बाळगण्यावरही निर्बंध आले. आदिवासींच्या घरात जे अन्न होते, पेय होते व विधीचे साहित्यही होते, ते सरकारदप्तरी महसुलाची चोरी ठरले. या धोरणामागे प्रजेच्या प्रकृतीची चिंता फारशी नव्हती; करबुडवेगिरी थांबविणे हा मुख्य हेतू होता.

या पार्श्वभूमीवर महात्मा जोतीराव फुले यांची भूमिका लक्षणीय ठरते. पुणे नगरपालिकेचे सदस्य असताना १८८० मध्ये त्यांनी शहरात वाढणाऱ्या दारूच्या दुकानांविरुद्ध लेखी तक्रार केली. नगरपालिका आरोग्यासाठी खाते चालविते आणि त्याच शहरात नागरिकांची नीती व प्रकृती दोन्ही बिघडविणारी दुकाने वाढतात, ही विसंगती त्यांनी दाखवून दिली. पुढे १९०८ मध्ये पुण्यात दारूच्या दुकानांसमोर निरोधन झाले व स्वयंसेवकांवर खटले भरले गेले. लोकमान्य टिळकांनी या चळवळीला पाठिंबा दिला. तथापि या चळवळीचा सूर प्रामुख्याने राजकीय व नैतिक होता. आरोग्याचा मुद्दा उच्चारला गेला, पण तो मागच्या बाकावर राहिला.

डॉक्टर मंत्री आणि दारूबंदी

१९३७ च्या बाळासाहेब खेर मंत्रिमंडळात आरोग्य व अबकारी ही दोन्ही खाती डॉ. मंचेरशा गिल्डर यांच्याकडे होती. हृदयरोगाचे नामवंत तज्ज्ञ असलेल्या या पारशी मंत्र्याने १ ऑगस्ट १९३९ पासून मुंबई शहरात दारूबंदी आणली. बुडणाऱ्या महसुलाची भरपाई स्थावर मालमत्तेवरील कराने करण्याचे ठरले. मद्यव्यवसायात असलेल्या पारशी समाजातून तीव्र विरोध झाला. त्याच वर्षी मंत्रिमंडळाने राजीनामा दिला आणि प्रयोग अपुरा राहिला. तरीही प्रकृती आणि महसूल यांचा हिशेब एकाच मंत्र्याने एकाच टेबलावर मांडावा, असा हा दुर्मीळ प्रसंग होता.

स्वातंत्र्यानंतर मुंबई दारूबंदी अधिनियम, १९४९ आला व ६ एप्रिल १९५० पासून राज्यभर पूर्ण दारूबंदी लागू झाली. संविधानाच्या अनुच्छेद ४७ ने पोषण, राहणीमान, सार्वजनिक आरोग्य आणि मादक पेयांची बंदी हे विषय एकत्र बांधले होते. १९५१ च्या बलसारा खटल्यात सर्वोच्च न्यायालयाने अधिनियमाचा मुख्य भाग वैध ठरविला. मद्यार्कयुक्त औषधी व प्रसाधनद्रव्यांवरील बंदी मात्र रद्द केली.

येथेच एक विरोधाभास निर्माण झाला. ज्या आरोग्याच्या नावाने बंदी आली, त्याच आरोग्याच्या नावाने परवानेही मिळू लागले. वैद्यकीय दाखला मिळविण्याची ऐपत असणाऱ्याला ‘प्रकृतीस्तव’ मद्य मिळे. ज्याला ती ऐपत नव्हती, त्याच्यासाठी काळा गूळ व नवसागराची हातभट्टी उरली. १९६० च्या दशकात महाराष्ट्राने बंदी शिथिल केली, १९७३ मध्ये देशी मद्याचे नियम आले. परंतु हातभट्टी संपली नाही.

शरीरावरील परिणाम

मद्यार्काचे विघटन मुख्यतः यकृतात होते व त्यातून ॲसिटाल्डिहाइड हे विषारी द्रव्य तयार होते. दीर्घकाळच्या सेवनाने यकृतात मेद साचतो, पुढे दाह होतो व अखेरीस यकृत घट्ट होऊन निकामी होते. आंतरराष्ट्रीय कर्करोग संशोधन संस्थेने १९८८ मध्ये मद्याला कर्करोगकारक ठरविले. जानेवारी २०२३ मध्ये जागतिक आरोग्य संघटनेने मद्याची कोणतीही मात्रा आरोग्यास सुरक्षित म्हणता येत नाही, असे स्पष्ट केले. ‘प्रकृतीस्तव’ परवान्याचा वैद्यकीय आधारच त्यामुळे डळमळला आहे.

कुपोषित शरीरात हा परिणाम अधिक गंभीर होतो. ‘ब१’ जीवनसत्त्वाची उणीव मेंदूला इजा करते. मद्यामुळे क्षयरोगाचा धोकाही वाढतो. याखेरीज मिथेनॉलचा प्रश्न वेगळाच आहे. औद्योगिक मद्यार्क पिण्यास अयोग्य व्हावा आणि कर बुडू नये, म्हणून त्यात मिथेनॉल मिसळण्याची पद्धत एकोणिसाव्या शतकापासून रूढ आहे. शरीरात त्यापासून फॉर्मिक आम्ल बनते. दृष्टी जाते व थोड्या मात्रेनेही मृत्यू ओढवतो. डिसेंबर २००४ मध्ये विक्रोळीत आणि जून २०१५ मध्ये मालाडच्या मालवणीत विषारी दारूने बळी घेतले. मालवणीत मृतांची संख्या शंभरावर गेली. हे बळी प्रामुख्याने कष्टकरी वस्तीतील होते.

उपचार आणि लोकचळवळ

१९८६ मध्ये डॉ. अनिता अवचट व अनिल अवचट यांनी पुण्यात येरवडा येथे मुक्तांगण व्यसनमुक्ती केंद्र सुरू केले. व्यसनी माणूस हा दुराचारी नसून रुग्ण आहे, हा विचार त्यातून मराठी समाजात रुजू लागला. गडचिरोलीत डॉ. अभय व राणी बंग यांच्या पुढाकाराने १९८८ पासून दारूमुक्तीची चळवळ उभी राहिली व १९९३ मध्ये जिल्ह्यात बंदी आली. चंद्रपुरात २०१५ मध्ये आलेली बंदी २०२१ मध्ये उठली. लोकांचा रेटा, उपचाराची सोय व अंमलबजावणी यांची सांगड न घातल्यास केवळ आदेश पुरेसा ठरत नाही, हे या दोन जिल्ह्यांच्या तुलनेतून सूचित होते.

निष्कर्ष

१८७८ पासून आजपर्यंत मद्य हा प्रथम महसुलाचा, नंतर नीतीचा व सर्वांत शेवटी आरोग्याचा विषय मानला गेला. आजही हा कायदा राबविणाऱ्या विभागाचे नाव ‘राज्य उत्पादन शुल्क’ असेच आहे. मुळशीसारख्या तालुक्यात एकाला परवानाकक्ष आणि खासगी रुग्णालय, तर दुसऱ्याला हातभट्टी आणि दूरचे ग्रामीण रुग्णालय असे चित्र राहिले, तर फुल्यांनी १८८० मध्ये दाखविलेली विसंगती कायमच राहील. यकृताला गरीब-श्रीमंत भेद कळत नाही. तो भेद धोरणाने केला आहे आणि धोरणानेच तो दूर करावयास हवा.