खणापासून गॅन्ट्रीपर्यंत : नाशिकचे लाकूडकाम आणि घरगुती सीएनसी राउटर

नाशिकच्या लाकूडकामाचा सर्वात जुना माग दगडात लागतो. त्रिरश्मी डोंगरावरील पांडवलेण्यांत अठराव्या क्रमांकाचे लेणे चैत्यगृहाचे आहे. त्याच्या दर्शनी भागावर लाकडी इमारतीतील कमानींची आणि जाळ्यांची घडण दगडात उतरवलेली दिसते. मूळ लाकूड केव्हाच कुजून गेले, पण सुताराची रीत पाथरवटाच्या छिन्नीने टिकवली. यंत्रे घडवणाऱ्यांचा उल्लेखही इथेच आहे. दहाव्या लेण्यातील आभीर राजा ईश्वरसेनाच्या काळचा शिलालेख इसवी सनाच्या तिसऱ्या शतकातला आहे. आजारी भिक्षूंच्या औषधपाण्यासाठी विष्णुदत्ता या उपासिकेने श्रेण्यांकडे ठेवी ठेवल्याचे त्यात नोंदले आहे. या श्रेण्यांपैकी एक ‘ओदयंत्रिक’, म्हणजे पाण्याची यंत्रे करणाऱ्यांची होती. तिच्याकडे २००० कार्षापण नाण्यांची ठेव होती. यंत्र करणाऱ्या कारागिरांची गावात एवढी पत होती.

लाकूडकामाला खरा बहर आला तो अठराव्या शतकात. पेशवाईत नाशिक हे तीर्थक्षेत्राबरोबर सरदार-सावकारांच्या वस्तीचेही ठिकाण झाले. सराफ बाजाराजवळचा सरकारवाडा आणि चांदवडचा होळकरांचा रंगमहाल ही त्या काळच्या कामाची ठळक उदाहरणे. पेठ, सुरगाणा आणि पलीकडच्या डांगच्या रानात साग होता. वाड्याच्या रचनेत दगडी तळखड्यावर लाकडी खांब, खांबाच्या माथ्यावर दोन्ही बाजूंना हस्त, त्यांवर तुळई आणि तुळईवर कडीपाट अशी चढण असे. सुरूच्या झाडासारखा निमुळता खांब, वर केळफुलाची नक्षी आणि दोन खांबांमध्ये महिरप ही त्याची ओळख.

या घडणीचे एकक होते ‘खण’. दोन खांबांमधल्या अंतराला खण म्हणत आणि घर किती खणांचे यावरून त्याचा आकार व खर्च, दोन्ही कळत. खणाची रुंदी मनाला येईल तशी वाढवता येत नसे. तुळईचा छेद आणि मधोमध पडणारे वजन तेच ठेवून तिची लांबी दुप्पट केली, तर ती आठपट वाकते. मोठा खण हवा असेल तर जाड तुळई, जाड तुळईसाठी जुने झाड आणि जुन्या झाडासाठी जास्त पैसे, अशी ही साखळी असे. सुतार हे सूत्र कागदावर मांडत नव्हता. पण त्याने खण बेताचा ठेवला आणि तुळईखाली हस्त देऊन तिची उघडी लांबी कमी केली, त्यामागे हाच अनुभव होता. मापे गज आणि तसूंत होत, २४ तसूंचा एक गज. गुण्याने काटकोन, ओळंब्याने उभेपणा तपासायचा, वाकसाने लाकूड तासायचे, रंध्याने सपाट करायचे आणि पटाशीने खाच पाडायची, हा कामाचा क्रम होता.

१८६५ मध्ये थळ घाटातून रेल्वे सुरू झाली आणि मुंबई बंदरात उतरलेला माल नाशिककडे येण्याची सोय झाली. पुढे लोखंडी तुळया आल्या, मग सिमेंट-काँक्रीट आले. भार पेलण्याचे काम लाकडाकडून गेले आणि सुतार दारे-खिडक्या व फर्निचरकडे वळला. विसाव्या शतकाच्या उत्तरार्धात प्लायवूड आणि नंतर एमडीएफ आले. त्यांबरोबर आठ बाय चार फुटांचा तक्ता हे नवे एकक रूढ झाले.

दरम्यान शहराने दुसरीच कला आत्मसात केली. १९६२ मध्ये महाराष्ट्र औद्योगिक विकास महामंडळ स्थापन झाले आणि सातपूर, अंबड येथे वसाहती उभ्या राहिल्या. १९६४ मध्ये ओझरला मिग विमानांचा कारखाना आला. मोठ्या कारखान्यांना सुटे भाग पुरवणारी छोटी वर्कशॉपे गल्लोगल्ली निघाली. लेथ, मिलिंग, ग्राइंडिंग हे शब्द घरोघरी पोहोचले आणि मिलिमीटरच्या शंभराव्या भागात बोलणारी पिढी तयार झाली.

आकड्यांनी यंत्र चालवण्याची कल्पनाही विमानउद्योगातूनच निघाली. अमेरिकेत जॉन पार्सन्स हेलिकॉप्टरची पाती बनवत होते. पात्याचा वक्र नेमका कापण्यासाठी त्यांनी वक्रावरील बिंदूंचे आकडे यंत्राला पुरवण्याचा मार्ग शोधला. १९४९ मध्ये अमेरिकी हवाई दलाने या कामाला पैसा दिला आणि १९५२ मध्ये एमआयटी या संस्थेत छिद्रांच्या कागदी पट्टीवर चालणारे मिलिंग यंत्र दाखवण्यात आले. पुढे पट्टीची जागा संगणकाने घेतली, म्हणून अशा यंत्राला ‘सीएनसी’ म्हणतात. लाकडासाठीची अशी यंत्रे मात्र बराच काळ मोठ्या कारखान्यांनाच परवडत. टेड हॉल या अमेरिकी प्राध्यापकाने होडीसाठी प्लायवूड कापायला घरीच स्वस्त यंत्र उभारले आणि त्यातून १९९० च्या दशकात ‘शॉपबॉट’ बाजारात आले. महाराष्ट्रात स्वतः यंत्रे बांधण्याच्या या परंपरेचे एक मोठे पाऊल पुणे जिल्ह्यातील पाबळ येथे पडले. डॉ. श्रीनाथ कलबाग यांनी १९८३ मध्ये स्थापन केलेल्या विज्ञान आश्रमात २००२ मध्ये एमआयटीच्या सहकार्याने फॅब लॅब, म्हणजे संगणकावर चालणाऱ्या यंत्रांची कार्यशाळा, सुरू झाली. २००९ मध्ये अशी यंत्रे चालवणारे ‘जीआरबीएल’ हे मोफत सॉफ्टवेअर आले. अर्दुइनोसारख्या स्वस्त बोर्डावर ते चालत असल्याने नियंत्रकाचा खर्च एकदम खाली आला आणि घरी राउटर, म्हणजे फिरत्या बिटाने लाकूड कापणारे यंत्र, बांधणे आवाक्यात आले.

अशा यंत्राच्या आखणीत पहिला निर्णय पुन्हा खणाचाच असतो. लाकडाच्या पाटावरून पुलासारखी सरकणारी आडवी तुळई, म्हणजे गॅन्ट्री, किती रुंद ठेवायची? नावाच्या पाट्या, देव्हाऱ्याच्या जाळ्या आणि छोटी नक्षी यांना दोन बाय दोन फूट पुरतात. अखंड तक्ता कापायचा तर चार बाय आठ फूट लागतात. क्षेत्रफळ आठपट होते, पण खर्चाची वाढ तेवढ्यावर थांबत नाही. गॅन्ट्री दुप्पट रुंद झाली की वाकण्याचे गणित वाड्याच्या तुळईसारखेच लागू होते, म्हणून जाड पाइप आणि मोठ्या मोटरी घ्याव्या लागतात. शिवाय यंत्राचे भाग सरकवणारा लांब बॉल स्क्रू वेगाने फिरताना दोरीसारखा हेलकावतो. हे टाळण्यासाठी रॅक-पिनियनकडे, म्हणजे दातेरी पट्टी आणि दातेरी चाकाकडे, वळावे लागते.

अंदाजपत्रकाचा क्रमही यावरूनच ठरतो. आधी सांगाडा, मग रेल आणि स्क्रू, मग बिट फिरवणारा स्पिंडल, शेवटी मोटरी आणि नियंत्रक. सांगाडा चौकोनी लोखंडी पाइप वेल्ड करून स्वस्तात होतो, पण वेल्डिंगच्या उष्णतेने पाइप ओढला जातो. म्हणून रेल बसण्याची जागा मिलिंगवर सपाट करून घ्यावी लागते. नाशिककराची सोय इथे आहे, कारण हे काम करून देणारे वर्कशॉप शहरातच मिळते. बेअरिंग व हत्यारांसाठी मुंबईची नागदेवी स्ट्रीट आणि विजेच्या सामानासाठी लोहार चाळ या जुन्या पेठा आहेत.

मोटरीचे गणित सोपे आहे. नेहमीची स्टेपर मोटर एका फेऱ्यात २०० पावले टाकते. ड्रायव्हरने प्रत्येक पावलाचे आठ भाग केले की फेऱ्याला १६०० संकेत लागतात. स्क्रू एका फेऱ्यात ५ मिलिमीटर सरकवत असेल, तर एका मिलिमीटरला ३२० संकेत पडतात. कागदावरची ही बारकाई ढिल्या सांगाड्यावर वाया जाते, म्हणून महाग मोटरीसाठी सांगाड्यात काटकसर केली की पैसा फुकट जातो. स्पिंडलचे गणित वेगळे आहे. घरच्या ५० हर्ट्झ विजेवर दोन ध्रुवांची मोटर मिनिटाला सुमारे ३००० फेरे घेते. स्पिंडलचा व्हीएफडी, म्हणजे विजेची वारंवारता बदलणारा ड्रायव्हर, ती ४०० हर्ट्झपर्यंत नेतो आणि फेरे २४,००० होतात. १८,००० फेऱ्यांवर दोन धारांचे बिट मिनिटाला ३ मीटर सरकले, तर प्रत्येक धार सुमारे ०.०८ मिलिमीटर लाकूड काढते. सरकणे मंदावले की भुसा निघण्याऐवजी घर्षण होते आणि लाकूड करपते.

पहिल्या यादीत बहुधा राहून जाणाऱ्या बाबी किरकोळ दिसतात, पण एकत्र केल्यास भरतात. बिट, क्लॅम्प, लिमिट स्विच, आपत्कालीन बटण, अर्थिंग, लवचिक केबल आणि भुसा ओढणारा व्हॅक्यूम हे सारे त्यांत येते. एमडीएफचा पाट पावसाळ्याच्या दमटपणात फुगतो, त्यामुळे तो अधूनमधून यंत्रावरच रंधून सपाट करावा लागतो. काम चालू असताना वीज गेली तर यंत्राला आपली जागा आठवत नाही, म्हणून मूळ बिंदू शोधणारे होमिंग स्विच सुरुवातीलाच बसवणे बरे. पहिल्या काही तक्त्यांची नासाडीही खर्चात धरावी लागते.

हत्यारपेटीतले एक जुने हत्यार मात्र यंत्राने हटवलेले नाही. राउटरचे बिट गोल फिरते, त्यामुळे आतला कोपरा त्याला काटकोनात कापता येत नाही. ६ मिलिमीटरचे बिट कोपऱ्यात ३ मिलिमीटर त्रिज्येची गोलाई ठेवते. खाचेत चौकोनी कुसू नेमके बसवायचे असेल, तर ही गोलाई हाताने काढावी लागते. म्हणून घरगुती राउटरच्या सामानाच्या यादीत धारदार पटाशी धरावीच लागते.