वेशभूषेची प्रयोजने, महाराष्ट्रातील

शरीराचे संरक्षण, लज्जारक्षण, सौंदर्यवर्धन व सामाजिक स्थानाचा निर्देश ही वेशभूषेची प्रमुख प्रयोजने मानली जातात. प्रत्यक्षात एकाच वस्त्रातून ती एकाच वेळी साधली जातात. महाराष्ट्राच्या ग्रामीण वेशभूषेत याचा विशेष प्रत्यय येतो.

अहिल्यानगर (पूर्वीचा अहमदनगर) जिल्ह्यातील राहुरी तालुक्यात देवळाली प्रवरा वसलेले आहे. हा प्रदेश सह्याद्रीच्या पर्जन्यछायेत मोडतो. येथील हवा कोरडी, उन्हाळा कडक व हिवाळ्यातील रात्री थंड असतात. अशा हवामानात शेतकऱ्याचा परंपरागत पोशाख घडला. धोतर, बंडी किंवा पैरण, फेटा अथवा पागोटे व खांद्यावर घोंगडी असे त्याचे स्वरूप होते. डोक्याभोवतीच्या फेट्याच्या अनेक पदरांमुळे उन्हापासून रक्षण होई. प्रसंगी त्याचाच दोर, झोळी वा जखमेवरील पट्टी म्हणून उपयोग केला जाई. मेंढ्यांच्या लोकरीची घोंगडी विणल्यावर तिला चिंचोक्यांची खळ देत. त्यामुळे ती ताठ व दाट होई. पावसात तिची खोळ डोक्यावरून घेत, रात्री तीच अंथरूण-पांघरूण होई. स्त्रियांचे नऊवारी लुगडे सु. ८.२ मी. लांबीचे असते. त्याचा कासोटा मागे खोचल्यामुळे निंदणी, कापणी यांसारखी कामे करताना पायांच्या हालचालींस अडथळा येत नाही.

वस्त्राला सामाजिक व्यवहारातही निश्चित अर्थ होता. लग्नकार्यातील आहेरात लुगडे-चोळी, फेटा व टोपी यांची देवघेव होऊन सोयरीक दृढ केली जाई. दुखवट्याच्या वेळीही आप्तेष्ट वस्त्रे आणत. पागोटे हे प्रतिष्ठेचे चिन्ह असल्याने ते दुसऱ्याच्या पायावर ठेवणे ही शरणागतीची परिसीमा समजली जाई. हिरवे लुगडे व हिरव्या बांगड्या सौभाग्याच्या निदर्शक होत्या. याउलट ब्राह्मण समाजातील विधवेला केशवपन करून आलवण नेसावे लागे. अशा रीतीने स्त्रीचे वैधव्य वेषातूनच जाहीर होई व मंगलकार्यातील तिचा सहभाग नाकारला जाई.

जातिव्यवस्थेत वेषाचा उपयोग उच्चनीचता कायम ठेवण्यासाठीही झाला. अस्पृश्य मानल्या गेलेल्या जातींची वस्त्रे व दागिने त्यांची जात ओळखू यावी असे असत आणि चांगले कपडे घातल्यास त्यांचा छळ होई. डिसेंबर १९२७ मध्ये महाड येथील सत्याग्रह परिषदेच्या वेळी डॉ. बाबासाहेब आंबेडकर यांनी स्त्रियांना उद्देशून भाषण केले. लुगडे नेसण्याची आपली पद्धत व अंगावरील जड दागिने ही अस्पृश्यतेची खूण असल्याने ती टाकून द्यावी, असा त्यांचा उपदेश होता. अनेक स्त्रियांनी तो तत्काळ अमलात आणला. नेसण्याच्या पद्धतीतील हा बदल वरकरणी लहान असला, तरी जन्मावरून वेष ठरविण्याचा इतरांचा अधिकार त्यातून नाकारला गेला.

राजकीय प्रयोजनासाठीही वेषाचा उपयोग करण्यात आला. गणेश वासुदेव जोशी (सार्वजनिक काका) हे १८७७ च्या दिल्ली दरबारास खादीच्या पोशाखात उपस्थित राहिले. १९०५ मध्ये पुण्यात विदेशी कपड्यांची होळी झाली. सप्टेंबर १९२१ मध्ये महात्मा गांधींनी मदुराई येथे पंचा धारण करण्याचा निर्णय घेतला. त्यामागे दरिद्री जनतेशी एकरूप होण्याची भूमिका होती. डॉ. आंबेडकरांनी मात्र पाश्चात्त्य पोशाख स्वीकारला. ज्यांना नीटनेटके वस्त्र वापरण्याचीच मनाई होती, त्यांच्या दृष्टीने तो पोशाख समतेच्या हक्काचे प्रतीक ठरला. त्याग हा ज्याच्याजवळ काही आहे त्यालाच शक्य असतो. वंचिताच्या बाबतीत स्वीकार हीच प्रतिकाराची कृती असू शकते.

विसाव्या शतकात गिरणीचे कापड, शिवलेले कपडे व पुढे कृत्रिम धाग्यांची वस्त्रे खेडोपाडी पोहोचली. प्रवरा खोऱ्यात कालव्यांचे पाणी, ऊस व साखर कारखाने यांमुळे राहणीमान बदलले, तसा पोशाखही बदलला. पाचवारी साडी, पायजमा-शर्ट व पँट रूढ झाल्यावर घोंगडी व नऊवारी यांचा दैनंदिन वापर पुष्कळच कमी झाला. फेटा मुख्यतः लग्नसमारंभात व सत्काराच्या प्रसंगी बांधला जातो. त्याचे व्यावहारिक प्रयोजन मागे पडले, परंतु सन्मानदर्शक प्रयोजन टिकून राहिले आहे.