वेताळ : देव की भूत?

कोकणातील भूतखेतांच्या अभ्यासात आर. ई. एन्थोवेन यांनी १९१५ मध्ये संकलित केलेल्या लोकसमजुतींच्या ग्रंथाचा आधार आवर्जून घेतला जातो. त्यातील सामग्री मुळात ए. एम. टी. जॅक्सन यांची; १९०९ मध्ये नाशिक येथे त्यांची हत्या झाली. गावोगावच्या शाळामास्तरांनी प्रश्नावलीला दिलेली उत्तरे हा या सामग्रीचा पाया होय. प्रकरणांची रचना मात्र विल्यम क्रुक यांच्या उत्तर भारताविषयीच्या ग्रंथाशी (१८९६) जुळते : ग्रामदेवता एका प्रकरणात, दुष्ट मृतात्मे दुसऱ्यात.

वेताळ या चौकटीत मावत नाही. अकराव्या शतकातील सोमदेवाच्या ‘कथासरित्सागरा’त तो प्रेतात वसतो व राजाला कोडी घालतो. लोकसमजुतीत तो भुतांचा राजा. गोव्यात आमोणे, लोलये येथे मात्र तो पूजेचा देव आहे. भुतांवर ज्याची सत्ता, तोच त्यांच्यापासून गावाला राखणार, हे ग्रामस्थांचे तर्कशास्त्र सरळ आहे. विसंगती आहे ती वर्गीकरणात. त्या ग्रंथाच्या तळटीपांत जागोजागी ‘अमुक गावचा शाळामास्तर’ असा हवाला आढळतो. गुरव आणि घाडी यांचे म्हणणे अभ्यासकापर्यंत पोहोचते ते बहुधा याच मास्तरांच्या लेखणीतून, विचारलेल्या प्रश्नापुरते.